सीतेची आसवे मोजताना : पावसाळा २०२४ मधील प्रकल्प नोंदी

२८ जुलै २०२४, पुणे

गेल्या आठवड्यातील अतिवृष्टीमुळे मुळशीकडे जाण्याचा बेत दोनदा रद्द करावा लागला. हाताशी आलेला वेळ प्रश्न नीट मांडण्यात घालवला. सह्याद्रीच्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी जी निळी-जांभळी फुले दाटीने उगवतात आणि ज्यांना आपण सरसकट ‘सीतेची आसवे’ म्हणतो, ती एकच जात नसून यूट्रिक्युलारिया या प्रजातीतील अनेक जवळच्या जातींची सरमिसळ असते. या जाती केवळ फुलांची मापे घेऊन वेगळ्या ओळखता येतील का, आणि येत असतील तर कोणत्या मापांवर किती भिस्त ठेवावी, हे या पावसाळ्यात तपासायचे आहे.

पीटर टेलर यांनी १९८९ साली या प्रजातीचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी २१४ जाती मान्य केल्या होत्या. आपल्याकडील निळ्या-जांभळ्या फुलांच्या, जमिनीवर वाढणाऱ्या बऱ्याच जाती त्यांनी ऑलिगोसिस्टा या एकाच विभागात ठेवल्या आहेत. एका विभागातील जाती म्हणजे एका घरातील बहिणी. चेहरेपट्टी सारखीच असणार, आणि फरक शोधायचा तर तो बारकाव्यातच सापडणार.

फुलांकडेच वळण्याचे कारणही लिहून ठेवतो. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. कीटक व सूक्ष्म जीव पकडणाऱ्या तिच्या पिशव्या चिखलात दडलेल्या असतात, आणि पाने इतकी बारीक की फुलोऱ्याच्या वेळी ती बहुधा दिसतही नाहीत. पिशवी पाहायची तर रोप उपटावे लागते, आणि ते आम्ही करणार नाही. जमिनीवर दिसतो तो एक बारीक दांडा आणि त्यावरची चार-दोन फुले.

४ ऑगस्ट

प्रयोगशाळेत दिवसभर मापांची निवड केली. सोबत पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी आहेत. सहा मापे ठरली : खालच्या ओठाची लांबी आणि रुंदी, वरच्या ओठाची लांबी, शुंडिकेची म्हणजे फुलामागच्या शेपटीची लांबी, मोठ्या निदलाची लांबी आणि फुलाच्या देठाची लांबी. या फुलाला निदले दोनच असतात आणि फळ धरल्यावर ती वाढत जातात; म्हणून निदलाचे माप केवळ त्याच दिवशी उमललेल्या फुलाचे घ्यायचे, एरवी घ्यायचेच नाही, असा नियम केला.

सरावासाठी आवारातील तेरड्याची फुले घेतली, कारण तेरड्यालाही मागे शेपटी असते. विद्यार्थ्याने लगेच विचारले की, मग ही दोन्ही फुले नात्यातली का? नाहीत. तेरड्याची शेपटी निदलापासून झालेली असते आणि सीतेच्या आसवांची शेपटी खालच्या ओठाचा, म्हणजे पाकळ्यांचाच भाग असते. दिसायला सारखे असलेले दोन अवयव मुळात वेगळे असू शकतात, हे मोजायला बसण्याआधीच लक्षात आले ते बरे झाले; नाहीतर फूटपट्टी काहीही मोजते.

तेरड्यावर आणखी एक गोष्ट कळली. प्रयोगशाळेतील जुना व्हर्नियर बंद अवस्थेतही शून्य दाखवत नव्हता. दुरुस्ती करून तो वापरता आला असता, परंतु त्याचे जबडे नाजूक फूल दाबतात हे त्याहून मोठे दुखणे होते. फूल काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचे, खाली मिलिमीटरचा आलेखकागद ठेवायचा, बरोबर वरून छायाचित्र घ्यायचे आणि माप संगणकावर काढायचे, अशी पद्धत आता ठरवली आहे.

११ ऑगस्ट, मुळशी तालुका

पहाटे साडेपाचला निघून आठच्या सुमारास पठारावर पोहोचलो. जमीन खासगी आहे. मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांची परवानगी मागील महिन्यातच घेतली होती. त्यांनी एकच अट घातली, “फुलं न्या, पण माती हलवू नका, खाली खाचरात पाणी जातं.” आमचाही नियम तोच होता : एका रोपाचे एकच फूल, बाकी सारे जागेवर.

कातळावर बोटभर मातीचा थर आणि त्यावरून सतत झिरपणारे पाणी, अशी जागा. गवत जेथे दाट होते तेथे दांडे गवताच्या काड्यांना वेटोळे घालून वर चढले होते. जेथे माती पातळ होती तेथे दांडे सरळ उभे होते, वीतभरही उंच नव्हते. वेटोळे घेणाऱ्या फुलाच्या खालच्या ओठाच्या बुडाशी पांढरट फुगवटा होता आणि त्यावर जांभळ्या शिरांचे जाळे होते. ‘रेटिक्युलाटा’ या लॅटिन नावाचा अर्थच जाळीदार असा आहे, आणि टेलर यांच्या वर्णनाप्रमाणे वेटोळे घेणारा दांडा ही त्या जातीची खूण आहे. या समूहाला ‘अ’ आणि सरळ उभ्या दांड्यांच्या समूहाला ‘ब’ म्हणायचे ठरवले. ‘ब’ला आज कोणतेही नाव दिलेले नाही.

नमुने कोठून घ्यायचे यावर बराच वेळ गेला. ही रोपे चिखलातून धाग्यांसारखे आडवे फुटवे पसरवत जातात. त्यामुळे वीतभर अंतरावरचे दहा दांडे एकाच रोपाचे असू शकतात. त्या दहांची मापे दहा नमुने म्हणून मांडली तर आपण एकाच व्यक्तीला दहा वेळा मत देऊ दिल्यासारखे होईल. म्हणून दोन नमुन्यांमध्ये किमान पाच मीटर अंतर ठेवले आणि प्रत्येक ठिकाणचे एकच फूल घेतले. यामुळे दिवसाअखेर हाती अवघी अठरा फुले आली. विद्यार्थ्यांचा चेहरा थोडा उतरला, परंतु ही अठरा फुले खरोखर अठरा आहेत.

१३ ऑगस्ट

अठरांपैकी पाच फुले तिघांनीही स्वतंत्रपणे मोजली. खालच्या ओठाच्या रुंदीत आमचे फारसे मतभेद नव्हते. शुंडिकेत मात्र होते : एकाच फुलासाठी मी ५.१, विद्यार्थिनीने ५.६ आणि विद्यार्थ्याने ५.३ मिलिमीटर लिहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली तिघांनी मिळून पाहिले तेव्हा उलगडा झाला. शुंडिका वाकलेली असते; विद्यार्थिनीने वळणावरून माप घेतले होते आणि मी टोकापासून तोंडापर्यंत सरळ रेषेत. शिवाय शुंडिका नेमकी कोठे सुरू होते हेही आम्ही लिहून ठेवलेले नव्हते. आता ठरले आहे : फुगवट्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत, सरळ रेषेत.

दोन जातींमधील फरक जर अर्ध्या मिलिमीटरचा असेल आणि आमच्या हातांमधील फरकही अर्ध्या मिलिमीटरचाच असेल, तर आम्ही जाती मोजत नसून एकमेकांचे हात मोजत आहोत. म्हणून यापुढे प्रत्येक फूल एकाच व्यक्तीने दोनदा मोजायचे. दुसरे माप दुसऱ्या दिवशी आणि पहिले झाकून. फुलांचा क्रमही तिसऱ्याने बदलून द्यायचा.

१८ ऑगस्ट

दुसरी फेरी, एकवीस फुले. जागा पाहून प्रत्येक नमुन्यासोबत पाण्याची खोली लिहून घेण्यास सुरुवात केली. दांड्यावरचे पहिले फूल कोणते आणि नंतरचे कोणते हेही आता लिहितो, कारण वरची, उशिरा येणारी फुले डोळ्यांनाही लहान वाटतात.

२५ ऑगस्ट

पावसाने पठारावर जाणे झाले नाही. फुलांची मापे आणि जाती यांचा विषय निघाला की जे जुने उदाहरण हटकून समोर येते, त्याकडे आज परत गेलो.

रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आयरिसच्या तीन जातींवर निबंध लिहिला. प्रत्येक जातीची ५० याप्रमाणे १५० फुले होती आणि प्रत्येक फुलाची चार मापे होती : निदलाची आणि पाकळीची लांबी व रुंदी. मापे एडगर अँडरसन यांनी घेतली होती. चारही मापे योग्य प्रमाणात एकत्र केल्यास एकट्या मापाने न दिसणारा भेद कसा उठून दिसतो, हे फिशर यांनी दाखवले. त्याच वर्षी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अनेक मापांच्या आधारे दोन समूहांमधील अंतर काढण्याची आपली रीत पूर्ण स्वरूपात मांडली. तिच्या मुळाशी माणसांच्या शरीराची मापे होती.

वर्गात हे उदाहरण शिकवताना आपण गणिताकडे पाहतो. आज मी फुले कोठून आली याकडे पाहिले. सेटोसा आणि वर्सिकलर या दोन जातींची फुले एकाच वसाहतीत शेजारी वाढलेली होती, एकाच दिवशी खुडलेली होती, आणि एकाच व्यक्तीने एकाच साधनाने मोजलेली होती. तिसरी, व्हर्जिनिका, त्या वसाहतीतली नव्हती, आणि फिशर यांनी हे निबंधात स्पष्टपणे लिहिले आहे. म्हणजे व्हर्जिनिकाचा फरक जातीचा किती आणि जागेचा किती, हे केवळ त्या मापांवरून सांगता येत नाही. सेटोसा मात्र तिच्याच शेजारी वाढलेल्या वर्सिकलरपासूनही स्वच्छ वेगळी पडते, आणि माझ्या मते त्या तक्त्यातील सर्वांत भक्कम गोष्ट हीच आहे.

आमच्या कामातील खोट येथेच दिसली. ‘अ’ची जवळजवळ सर्व फुले दाट गवतातील, खोल पाण्यातील आहेत, ‘ब’ची सर्व पातळ मातीतील आहेत. उद्या ‘अ’ची फुले मोठी निघाली तर ती जातीमुळे मोठी की पाण्यामुळे, हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? पुढच्या फेरीत दोन्ही समूह शेजारी वाढतात अशी सीमारेषा शोधायची आहे.

१ सप्टेंबर

सीमारेषा सापडली. कातळाच्या एका खळग्याभोवती हातभर रुंदीच्या पट्ट्यात वेटोळे घेणारे आणि सरळ असे दोन्ही दांडे आहेत. खळग्याचा काठ चांगला लांब असल्याने पाच मीटरचे अंतर ठेवूनही चौदा फुले मिळाली. परंतु तेथेच एक नवी अडचण उभी राहिली. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, जेथे गवत अजिबात नाही, काही सरळ दांड्यांवरील फुलांच्या फुगवट्यावर जाळीदार शिरा अगदी ‘अ’सारख्या होत्या. दांडा सरळ म्हणून आम्ही त्यांना ‘ब’मध्ये टाकले होते.

विद्यार्थिनीने गुडघ्यांवर बसून एक दांडा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “सर, वेटोळं घालायला इथे काही नाहीच.” तिचे म्हणणे खरे होते. दांड्याचा वरचा भाग किंचित मुरडलेला होता, पण त्याला धरायला काडी नव्हती. ज्या खुणेवर आम्ही दोन समूह केले ती खूणच आधारावर अवलंबून असू शकते, हे महिनाभर आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते.

शिरांच्या जाळीवरून समूह बदलण्याचा मोह झाला, पण तसे केले नाही. फुलावरून समूह करायचे आणि मग फुलांची मापे घेऊन समूह वेगळे आहेत असे म्हणायचे, हे गोल फिरणे आहे; उत्तर आधीच प्रश्नात कालवलेले असते. समूह ठरवणारी खूण फुलाबाहेरचीच हवी. म्हणून कळी अवस्थेतील सात कोवळ्या दांड्यांशेजारी गवताच्या वाळलेल्या काड्या रोवल्या, आणि प्रत्येक काडीला क्रमांकाचा दोरा बांधला.

८ सप्टेंबर

काकांकडे दीड दिवसाचा गणपती, आणि आज विसर्जन. तरी सकाळी ते स्वतः पठारावर आले. काड्या पाहायला उत्सुक आम्ही होतोच, पण तेही होते.

सातपैकी एक काडी गुरांनी पाडली होती. उरलेल्या सहांपैकी चार दांड्यांनी काडीला वेढा घातला होता. त्यातील एकाचे तर अडीच वेटोळे पूर्ण झाले होते, आणि तिसऱ्या वेढ्यात दांडा काडीला इतका घट्ट बिलगला होता की काडी किंचित वाकली होती. दोन दांडे काडीला खेटून असूनही सरळच राहिले. चारही वेढणाऱ्यांच्या फुलांवर जाळीदार शिरा होत्या, आणि उरलेल्या दोघांवर नव्हत्या. सहा ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर मी इमारत बांधणार नाही, परंतु आता समूह ठरवण्याची रीत सुधारली आहे : ज्या दांड्याला आधार उपलब्ध होता त्याचाच निर्णय ग्राह्य धरायचा. आधार नसलेल्या जागेवरील अकरा जुने नमुने ‘अनिश्चित’ म्हणून बाजूला काढले. इतक्या कष्टाने मिळवलेली फुले बाजूला ठेवताना वाईट वाटले, पण ती तक्त्यात राहिली असती तर जास्त वाईट झाले असते.

काकूंनी उकडीचे मोदक बांधून दिले. परतताना लवळे फाट्यापासून गर्दी होती.

१४ सप्टेंबर

कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात जुने नमुने पाहिले. वाळवलेल्या फुलांची मापे आमच्या ताज्या फुलांशी जुळवता येतील का, हे पाहायचे होते. ती थेट जुळवता येत नाहीत, हे आमच्याच छोट्या चाचणीवरून आता स्पष्ट आहे : ऑगस्टमध्ये दहा फुले आधी ताजी मोजून वर्तमानपत्रात दाबली होती, ती पुन्हा मोजली तेव्हा सर्वच लहान झालेली दिसली, पण सारखी नव्हे. खालचा ओठ पातळ असल्याने दुमडतो आणि आकसतो, शुंडिका मात्र त्यामानाने आपला आकार राखते. म्हणजे केवळ मापेच नव्हे तर मापांची गुणोत्तरेही बदलतात. वाळलेले फूल गरम पाण्यात भिजवून पसरण्याची जुनी रीत आहे, तिने फरक पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. ताजी मापे ताज्यांशीच आणि वाळलेली वाळलेल्यांशीच ताडायची.

तेथील एका ज्येष्ठ बाईंनी आमची छायाचित्रे शांतपणे पाहिली आणि एवढेच म्हणाल्या, “फुलावर प्रेम करा, पण बी आल्याशिवाय नाव देऊ नका.” या प्रजातीत बीजावरील नक्षी जाती ओळखण्यास फार उपयोगी पडते. ‘ब’ला नाव न देण्याचा आमचा निर्णय योग्य होता.

२२ सप्टेंबर

पाऊस ओसरला आहे आणि खळग्याच्या कडा कोरड्या पडू लागल्या आहेत. त्याच क्रमांकाच्या जागांवरील उशिराची फुले मोजली. ती सर्व लहान आहेत, दोन्ही समूहांत. ‘अ’चे सप्टेंबरअखेरचे फूल ऑगस्टमधल्या ‘ब’च्या फुलाएवढे भरते. नुसत्या लांबीवरून नाव सांगणाऱ्याला ऋतूच फसवेल.

६ ऑक्टोबर, पुणे

दोन दिवस आकडेमोडीत गेले. तीन गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत, आणि त्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

देठाची लांबी कुचकामी ठरली. तिच्यात पाण्याच्या खोलीचाच परिणाम दिसतो. ओठांच्या मापांचे दोन्ही समूहांतील पट्टे एकमेकांवर इतके चढलेले आहेत की एकट्या मापावरून निर्णय करणे म्हणजे नाणे फेकण्यापेक्षा थोडेसेच बरे आहे.

शुंडिकेची लांबी भागिले खालच्या ओठाची रुंदी, हे गुणोत्तर मात्र ऋतूनुसार फारसे हलले नाही. फूल लहान झाले तरी त्याची ठेवण टिकली, आणि सीमारेषेवरील शेजारी वाढलेल्या चौदा फुलांपैकी ज्यांचा समूह निश्चित आहे त्यांच्यातही हा भेद दिसतो. माझा विश्वास त्या थोड्या फुलांवर अधिक आहे, कारण तेथे माती, पाणी आणि दिवस सारखेच होते. सहाही मापे एकत्र घेऊन फिशर यांच्या रीतीने रेषा काढली आणि प्रत्येक फूल एकेकदा बाहेर ठेवून त्याचा समूह ओळखायला लावला, तेव्हाही बहुतेक काम या गुणोत्तरानेच केले.

तरीही मधल्या पट्ट्यात काही फुले उरतातच, आणि त्यांना जबरदस्तीने इकडे किंवा तिकडे ढकलण्याची मला इच्छा नाही. बाजूला काढलेल्या अकरा अनिश्चित नमुन्यांपैकी आठ ‘अ’च्या बाजूला पडले. या आठांना ‘अ’ म्हणावे असे विद्यार्थ्याचे म्हणणे होते. मी नकार दिला. ते रेषेने दिलेले भाकीत आहे, आणि भाकिताची परीक्षा व्हायची तर ती रेषेबाहेरच्या पुराव्यानेच व्हायला हवी.

२० ऑक्टोबर, मुळशी तालुका

पठार तपकिरी पडले आहे. खळग्यात पाणी नाही आणि माती भेगाळू लागली आहे. ऑगस्टमध्ये ज्या दांड्यांना दोरे बांधले होते ते शोधायला दोन तास लागले. दांडे वाळून गवताच्या रंगाचे झाले आहेत. वेटोळे मात्र तसेच आहेत. बोंडे मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि अनेक आधीच फुटलेली. जी बंद होती त्यांतून बी जमा केले. ते धुळीसारखे बारीक आहे, पांढऱ्या कागदावर झटकले तरच दिसते, आणि वाऱ्याची एक झुळूक आली की गेले. विद्यार्थिनीने आपल्या छत्रीच्या आडोशाला बसून एकूण तेवीस पाकिटे भरली. त्यात अनिश्चित अकरांपैकी सातांचे बी आहे.

ही पाकिटे उद्या बाईंकडे जातील. प्रत्येक पाकिटावर फक्त क्रमांक आहे. समूह, जागा, फुलाचे माप, यांतले काहीही त्यावर लिहिलेले नाही, आणि क्रमांकांची वही माझ्या कपाटात बंद राहील. बाईंनी बीजांची वाटणी लिहून दिल्यानंतरच ती उघडायची.